जडवस्तू संग्रह

ज्या मनुष्याने आयुष्याची छत्तीस वर्षे, काही अकोल्यास व बाकीची अमरावतीस, सरकारी कचेरीतल्या खुर्च्या, टेबले, कपाटे आणि पंखे यांची मोजदाद करण्यात वेचली, त्याने परमेश्वराविषयी लिहावयास बसावे ही अनधिकार चेष्टा होय, हे मला मान्य आहे. परंतु मी नाझर होतो, आणि नाझराला एक खोड जन्माची जडते: जी वस्तू आहे म्हणून लोक सांगतात ती प्रत्यक्ष कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि चालू स्थितीत आहे किंवा नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्याला अन्न गोड लागत नाही. देव आहे, असे मला माझ्या आजीने सांगितले. तो सर्वत्र आहे, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी सांगितले. आणि 'सर्वत्र' हा पत्ता कोणत्याही दफ्तरात चालत नाही, हे मला कचेरीने सांगितले. या तीन वचनांचा मेळ अद्याप बसावयाचा आहे.

२००८ साली, वयाची अठ्ठावन्न वर्षे पुरी होताच, एक नारळ, एक शाल आणि भिंतीवरचे एक घड्याळ हाती देऊन सरकारने मला मोकळे केले, आणि पुढच्याच रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी मला दारातच गाठून म्हटले, "आता तुम्ही मोकळे असाल!" हे उद्गार धर्मगुरूच्या तोंडून ज्याने ऐकले तो पुन्हा कधी मोकळा राहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चर्चच्या जिनगीची यादी करावयाची होती. जमिनीचे आणि इमारतीचे कागद धर्मप्रांताच्या दफ्तरात बंदोबस्ताने होते. प्रश्न होता तो उरलेल्या चीजवस्तूंचा, ज्यांची शेवटची नोंद कोणा पूर्वीच्या फादरांनी फ्रेंच भाषेत, पेन्सिलीने, एका वाण्याच्या बिलाच्या पाठीमागे केलेली होती. मी जाड बांधणीची वही आणली आणि कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे तिच्या कपाळी सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. इंग्रजी अमदानीत हिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणत आणि कचेरीतली माणसे आजही तेच म्हणतात. परंतु राजभाषेच्या पंडितांनी केलेले हे भाषांतर मला फार प्रिय आहे. जड कोणते आणि चैतन्य कोणते, हा जो तंटा वेदान्त्यांना हजार वर्षांत तोडता आला नाही, तो एका वहीच्या पुठ्ठ्यावर तोडून टाकण्याची हिंमत त्यात आहे.

वास्तविक मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, हा विषय वऱ्हाडच्या माणसाला शिकवावा लागत नाही. आमचा मुलूख १८५३ पासून नावाने निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता. पुढे ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा काढून अमरावतीचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा अमरावती मध्य प्रदेशात होती. दीड वर्षाने ती द्विभाषिक मुंबई राज्यात गेली, आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात येऊन स्थिरावली. पाच वर्षांत राज्ये तीन झाली. महागुरुस्वामी मात्र जोसेफ रोझारिओ होते तेच राहिले. माझ्या आजीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिच्या हिशेबी सरकार म्हणजे ज्वारीचा भाव वाढविणारी एक शक्ती, आणि चर्च म्हणजे जेथे सकाळी सहाला घंटा होते ती जागा.

आमचा धर्मग्राम म्हणजे एक लहानसे जंक्शनच आहे. बडनेऱ्याच्या रेल्वेबरोबर आलेली तमिळ कुटुंबे, बदलीवर येऊन राहून गेलेले एखाददुसरे गोव्याचे बिऱ्हाड, केरळच्या सिस्टर, मेळघाटातून शिक्षणासाठी उतरलेली कोरकू मुले, आणि दुष्काळाने मिशनच्या दारी आणून सोडलेली आमच्यासारखी अस्सल वऱ्हाडी घराणी, एवढी मंडळी एकाच छपराखाली एकाच देवाची प्रार्थना करतात, आणि एकाच वेळी पंख्याकडे पाहतात.

पंख्याचा उल्लेख सहज आलेला नाही. चैत्र-वैशाखात अमरावतीचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, आणि अकोला तर या बाबतीत अमरावतीहून वरचढ असल्याचे भूषण मिरविते. अशा प्रदेशात चर्चमधील आसने भक्तीच्या प्रमाणात वाटली जातात अशी ज्याची समजूत असेल त्याने मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी आमच्याकडे यावे. आमच्या चर्चला बारा पंखे आहेत. त्यांपैकी नऊ फिरतात, आणि त्या नवांपैकी ज्यांचा वारा खालपर्यंत पोचतो असे पाच. या पाचांखालच्या जागा काही ठरावीक घराण्यांकडे कोणत्या सनदेने आल्या हे कोणास सांगता येणार नाही. वडिलोपार्जित वहिवाट हाच पुरावा. आमच्यात सोयरीक ठरविताना मुलीकडची मंडळी कोणत्या पंख्याखाली बसतात याची गुपचूप चौकशी होते, हे मी साक्षीपुराव्यानिशी सांगू शकेन. आमचे स्वतःचे घराणे शेवटच्या बाकावर, दारापाशी, पाण्याच्या माठाशेजारी बसत आले आहे. आमच्या वाट्याला पंखा कधी आला नाही. पण माठ आला, आणि पुढच्या बाकावरचे पंखेवाले प्रवचन संपताच कोठे धाव घेतात हे पाहण्याची सोय झाली.

पुढे कूलर घ्यावा असा विचार निघाला. पॅरिश कौन्सिलच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्हींचे कार्यवृत्त मी लिहिले. एका वृद्ध सभासदाने हरकत घेतली की उन्हात घाम गाळणे हे प्रायश्चित्तकाळाच्या वृत्तीशी सुसंगत आहे. त्यावर एका तरुणाने दाखवून दिले की प्रायश्चित्तकाळ ईस्टरला संपतो आणि वऱ्हाडचे खरे प्रायश्चित्त त्यानंतरच सुरू होते. कूलरचे तोंड वेदीकडे असावे की लोकांकडे, या मुद्द्यावर दुसरी बैठक तहकूब झाली. अखेर कूलर आला, वाळ्याच्या ताट्या लागल्या, चर्चभर ओल्या वाळ्याचा सुगंध दरवळला, आणि तो सुरू होताच असा काही घनगंभीर ध्वनी उत्पन्न झाला की प्रवचनाचा एकही शब्द कोणाच्या कानी पडेना. उन्हाळ्यातली हजेरी वाढली. पुढल्या वर्षी दुसरा कूलर घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

कूलर पाणी पितो, आणि अमरावतीच्या नळाला पाणी केव्हा असते हे ज्ञान मानवी बुद्धीच्या कक्षेबाहेरचे आहे. सबब दर वीस मिनिटांनी बादली ओतणे प्राप्त झाले. वेदीची झाडलोट, घंटा, मेणबत्त्या आणि बगीचा पाहणारा एक इसम आमच्याकडे आहे, ज्याला सारा धर्मग्राम 'मामा' म्हणतो. हे काम न सांगता त्याच्याकडे गेले. मामाने गेल्या कित्येक उन्हाळ्यांत एकही मिस्सा धड बसून ऐकलेली नाही. इकडे पवित्र प्याला उंचावला जात असतो, सर्वांची मस्तके लवलेली असतात, आणि बाजूच्या वाटेने मामा एका अंगाला कलून, बादलीतले पाणी हिंदकळू न देता, अनवाणी चालत असतो. एकदा मी त्याला विचारले, "मामा, अशानं तुमची भक्ती कशी होते?" मामाने बादली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे अशा मुद्रेने पाहिले की मी काही बह्याडासारखे बोललो आहे. "भाऊ, देवाले का माहीत नाही म्या काऊन फिरून राह्यलो?" याच जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या एका माणसाने देवळाच्या गाभाऱ्यात जाण्याऐवजी हाती खराटा धरून गावेच्या गावे झाडली, आणि लोक त्याला गाडगेबाबा म्हणून नमस्कार करू लागले. मामाला कोणी नमस्कार करीत नाही. पाणी संपले की हाक मात्र मारतात.

आता फादरांविषयी. आमच्या भागातले मिशन प्रथम सॅव्हॉयच्या ॲनेसी गावाहून आलेल्या, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाने उभारले; १८४५ साली हे लोक हिंदुस्थानात उतरले. हिमाच्छादित आल्प्समधून निघून थेट वऱ्हाडच्या उन्हात येणाऱ्या माणसांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या भूगोलाच्या ज्ञानाविषयी घेता येईल. माझ्या हयातीत मात्र आम्हांला लाभलेले धर्मगुरू बहुशः दक्षिणेकडचे. हे सत्पुरुष मराठी शिकून येत, परंतु ती पुस्तकातून शिकत, आणि पुस्तकाने ज्याची तयारी करून घेतलेली असते तो मनुष्य इर्विन चौकातल्या रिक्षावाल्यास "आपण मजला नेण्यास सिद्ध आहात काय?" असे विचारतो, तेव्हा रिक्षावाला प्रथम उतरून नमस्कार करतो आणि मग दुप्पट भाडे सांगतो.

केरळहून नुकत्याच आलेल्या एका तरुण फादरांची कथा आमच्याकडे दंतकथा होऊन बसली आहे. आठ दिवस पोळी, वांग्याचे भरीत आणि झणझणीत झुणका यांच्याशी निमूटपणे सामना केल्यावर नवव्या दिवशी दारात एक बाई आली आणि म्हणाली, "फादर, वावरातला सांबार आणला असता, चालते का तुमाले?" फादरांचे डोळे पाणावले. परक्या मुलखात, आपल्या मातृभूमीचे पक्वान्न, तेही न मागता! त्यांनी "परमेश्वर तुमचे कल्याण करो" असा मनःपूर्वक आशीर्वाद दिला, भात टाकावयास सांगितले, पान वाढून घेतले, आणि ते वाट पाहत बसले. अर्ध्या तासाने बाई आली आणि तिने त्यांच्या पुढ्यात हिरव्यागार कोथिंबिरीची एक भली मोठी जुडी ठेवली. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ही गोष्ट त्यांच्या पुस्तकात नव्हती. फादर सज्जन होते. त्यांनी काही वेळ त्या जुडीकडे पाहिले आणि तिच्यावरही क्रुसाची खूण केली. पुढे ते इतके वऱ्हाडी झाले की त्यांच्या प्रवचनात अर्धे वाक्य उपासनेच्या संस्कृतप्रचुर मराठीत सुरू होई आणि उरलेले अर्धे "मले" आणि "तुमाले" यांच्या आधाराने घरी पोचे. त्यांची बदली झाली त्या दिवशी त्यांच्या मोटारीत निरोपादाखल सतरा जुड्या होत्या.

याच फादरांनी मला संत फ्रान्सिस द सेल्स यांचा भक्तिजीवनाविषयीचा १६०९ सालचा प्रसिद्ध ग्रंथ वाचावयास दिला. संसारी माणसाने मठवासीयाप्रमाणे भक्ती करू जाणे हे हास्यास्पद होय. सरदार, कारागीर, चाकर, विधवा, विवाहित स्त्री यांची भक्ती ज्याच्या त्याच्या परीने निराळी असावयाची. आणि सैनिकांच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, राजाच्या दरबारातून अथवा गृहस्थाच्या घरातून भक्तीला हद्दपार करणे ही चूक होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आमच्या सावता माळ्याने हीच गोष्ट मळ्यात उभे राहून काही शतके आधी करून दाखविली होती, हे मी फादरांच्या निदर्शनास आणले. त्यांनी आनंदाने मान डोलावली. मग मी दुसरी गोष्ट निदर्शनास आणली, की या यादीत कचेरी नाही. फादर विचारात पडले. "दरबारात कचेरी समाविष्ट धरावी," असा तोडगा त्यांनी काढला, परंतु तो बिनशर्त मान्य करणे मला जड गेले. कारण छत्तीस वर्षांत मी कचेरीत पुष्कळ काही हरवताना पाहिले होते, पण तेथे देव सापडल्याची कैफियत कोणी दाखल केल्याचे मला स्मरत नाही.

वस्तुतः मी शोध केला नव्हता असे नाही. अकोल्यास बदली असताना तीन वर्षे मी बडनेऱ्याहून रोज पॅसेंजरने ये-जा करीत असे. त्याच सुमारास अकोल्याच्या एका सहकाऱ्याने मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची हकीकत सांगितली. तो अलायन्स मिशनच्या मंडळीतला, प्रॉटेस्टंट. आमच्यात धर्मशास्त्रावरून रोज मूर्तिजापूरपर्यंत कडाक्याचा वाद होई आणि बोरगावच्या सुमारास डबे उघडले की चारशे वर्षांपूर्वीची ती फूट भाकरीच्या तुकड्यावर तात्पुरती सांधली जाई. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले असता आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला, त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. देव आगगाडीत भेटतो, ही बातमी मला आशादायक वाटली. तीन वर्षे मी खिडकीशी बसून त्या अज्ञात प्रवाशाची वाट पाहिली. माझ्या डब्यात आले ते कापसाच्या भावावरून भांडणारे अडते, शेगावला निघालेले वारकरी, आणि एकदा एक म्हातारी, जी माझ्या जेवणाच्या डब्यावरच बसली आणि अकोला येईपर्यंत उठली नाही. उतरताना तिने गाठोडे सोडून माझ्या हातावर दोन ज्वारीच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. "तुया डब्याचा भुगा झाला असन, बापा," ती म्हणाली. भाकर चांगली होती. युरोपियन शेवटपर्यंत आला नाही.

एवढे सगळे पाल्हाळ लावण्याचे कारण, नोंदवहीतली एक नोंद. अनुक्रमांक ३७: संत अंतोनी, रंगीत पुतळा, उंची सुमारे ३ फूट. प्रथम वाद झाला तो संख्येचा. संत अंतोनींच्या डाव्या हातावर बाळ येशू असतो. तेव्हा नग एक धरावा की दोन? मी दोन लिहिले, फादरांनी एक सांगितले, आणि मामाने "दोघं सोबतच ऱ्हातेत, फादर, येगळे कायले मोजता?" असा निवाडा दिला, तो कायम झाला. दुसरी अडचण बिकट होती. पुतळ्याचा उजवा हात, लिलीच्या फुलासकट, मनगटापासून नव्हता. आणि तो केव्हा गेला हे माझ्याइतके पक्के कोणास ठाऊक नव्हते, कारण तो गेला तेव्हा मी तेथे होतो.

१९६३ साली व्हॅटिकनच्या परिषदेने उपासनेच्या सुधारणेचा ठराव केला, आणि एकदोन वर्षांत लॅटिनच्या जागी मराठी आली. तोवर फादर आमच्याकडे पाठ करून वेदीपाशी उभे असत आणि आम्ही वेदीसेवक मुले अर्थ न कळता लॅटिनमधून उत्तरे देत असू. आता वेदी पुढे आली, फादरांचे तोंड आम्हांला दिसू लागले, आणि आमची तोंडे त्यांना दिसू लागली. सुधारणेच्या या दुसऱ्या बाजूचा कोणी विचार केलेला नव्हता. आजीचे मत विचारले तेव्हा ती म्हणाली, "पह्यले काही समजे नाही, तं ध्यान लागे. आता समदं समजते, तं झोप येते." वेदी हलविताना भोवतालचे पुतळे हलवावे लागले, आणि त्या धामधुमीत चार धट्ट्याकट्ट्या स्वयंसेवकांच्या हातून संत अंतोनींचा हात निखळला. तो वर्तमानपत्राच्या कागदावर, वस्त्रे ठेवण्याच्या खोलीत, मूर्तिकार येईपर्यंत ठेवला होता. मूर्तिकार आला तेव्हा कागद होता, हात नव्हता.

संत अंतोनी म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत. किल्ल्या, शेळ्या, गुणपत्रिका, कर्ज घेऊन फरारी झालेले साडू, सर्वांसाठी लोक त्यांच्याकडे अर्ज करतात; आणि त्यांचा स्वतःचाच हात हरवला! फादरांनी तीन रविवार वेदीवरून जाहीर विनंती केली. संत अंतोनींचा हात सापडावा म्हणून संत अंतोनींचाच नोव्हेना करावा काय, असे आम्हा मुलांपैकी एकाने विचारले आणि त्याला कान पिळून बाहेर घालविण्यात आले. तो मुलगा मी. मला आठवते ते एवढेच, की तिसऱ्या रविवारी विनंती संपल्यावर शेवटच्या बाकावरून, माठाशेजारून, जपमाळेचे मणी न थांबविता माझी आजी मोठ्याने म्हणाली, "हात कुठी तं कामातच असन, फादर." लोक हसले. पुतळा मागे, दाराजवळ नेऊन ठेवण्यात आला.

त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे संत अंतोनी एका हाताने कारभार चालवीत आले होते, आणि तोही इतका चोख, की दर मंगळवारी त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावणाऱ्यांत निम्म्या बाया चर्चमध्ये नाव नसलेल्या असत. परंतु नियम तो नियम. कचेरीत मोडकी खुर्ची निघाली की तिचे निर्लेखन करावे लागते: समिती, पंचनामा, लिलाव. संताचा लिलाव करता येत नाही. आशीर्वादित वस्तू मोडली तर ती जमिनीत पुरण्याची चाल आहे. फादरांनी तसे नुसते सुचविताच दुसऱ्या दिवशी सकाळी सात बायांचे शिष्टमंडळ दारात हजर झाले. त्यांत पुढे होती ती चौकातली फुलवाली, जिचा आमच्या धर्माशी संबंध एका हरवून सापडलेल्या शेळीपुरताच होता. "हात नसला म्हून का माणसाले पुरतेत?" तिने विचारले. फादरांनी माझ्याकडे पाहिले. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'उजवा हात १९६६ पासून बेपत्ता, निर्लेखन स्थगित'.

त्याच हिवाळ्यात आमच्या घरातून फर्मान निघाले की स्वयंपाकघरातली पत्र्याची जुनी ज्वारीची कोठी गंजली आहे, ती भंगारवाल्यास द्यावी. ही कोठी आजीची. ती घेतल्यापासून तिचा तळ कोणी पाहिलेला नव्हता, कारण आजीची आमच्या आईला, आणि आईची माझ्या पत्नीला, एकच ताकीद होती: कितीही ओढगस्त येवो, कोठीचा तळ खरडायचा नाही, चार बोटे ज्वारी राहू द्यायची आणि वर नवी ओतायची. आम्ही हा बायकांचा शकुन समजत होतो. मी कोठी आडवी केली. जुनी, काळवंडलेली ज्वारी, कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा, दोन बिब्बे, आणि त्यांच्याबरोबर एका लाल फडक्यात बांधलेले काहीतरी जमिनीवर घरंगळले. गाठ सोडली. आत लिलीचे फूल धरलेला प्लास्टरचा एक हात होता.

सरकारी मालाच्या अपहाराची पुष्कळ प्रकरणे मी आयुष्यात हाताळली होती. परंतु चोरीचा माल मोजदाद करणाऱ्या नाझराच्याच घरी, त्याच्याच ज्वारीखाली सापडावा, हा प्रसंग नवा होता. बराच वेळ मी त्या ढिगापाशी बसून राहिलो. आजी छप्पनच्या दुष्काळातली. १८९९-१९०० च्या त्या सालात वऱ्हाडात माणसे झाडाचा पाला खाऊन राहिली, आणि सहासात वर्षांची ही पोर आईबाप वाटेत गमावून कोणाच्या तरी बोटाला धरून मिशनच्या अनाथालयाच्या दारी आली. त्या दारात तिला प्रथम काय मिळाले, हे तिने आम्हांला शेकडो वेळा सांगितले होते: बाप्तिस्मा नव्हे, प्रार्थना नव्हे, कण्यांच्या आंबिलीची एक वाटी, मीठ कमी असलेली. मीठ कमी होते ही तक्रार तिने साठसत्तर वर्षे जिवंत ठेवली. अन्न पोटभर खाऊन झाल्यावरही तिची नजर कोठीकडे जात असे, हे आम्ही लहानपणी पाहत होतो, आणि हसत होतो. हरवलेले शोधून देणाऱ्या संताचा हात हाती लागताच तो तिने कोठे ठेवला असेल, हे शोधण्यासाठी नाझराची गरज नव्हती. चाळीस वर्षे आम्ही त्या हातावरची ज्वारी खात होतो.

दुसऱ्या दिवशी मी हात फडक्यात गुंडाळून फादरांकडे गेलो आणि सर्व कैफियत सांगितली; मनातून मी दंडाची तयारी ठेविली होती. माझे पापनिवेदन एरव्ही फार कंटाळवाणे असते. पन्नास वर्षे तीच पापे मी 'मागील पानावरून पुढे' ओढीत आलो आहे, आणि फादर ती ऐकताना जांभई आवरतात. या वेळी ते ताठ बसले. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. लिलीच्या पाकळीत ज्वारीचा एक दाणा अडकून बसला होता, तो त्यांनी नखाने काढण्याचा प्रयत्न केला आणि मग तसाच राहू दिला. मूर्तिकाराला बोलावू का, असे मी विचारले. एवढ्यात बादली घेऊन मामा आत आला, हाताकडे पाहून त्याने बादली खाली ठेवली, आणि तो म्हणाला, "जोडसान तं बुढीच्या कोठीत मंग काय ठेवसान?"

पत्नीने नवी कोठी आणली आहे, स्टीलची. भंगारवाल्याने जुनीचे पंच्याऐंशी रुपये दिले. संत अंतोनी अजून दाराजवळ, माठाच्या बाजूला, एका हाताने उभे आहेत, आणि मंगळवारची गर्दी कमी झालेली नाही. नोंदवहीत अनुक्रमांक ३७ खाली मी तांबड्या शाईने एक पोटनोंद केली आहे, तीवर फादरांची सही आणि मामाचा अंगठा साक्षीदार म्हणून आहे: 'उजवा हात, लिलीसह, नग १. मुक्काम नाझराचे घर, ज्वारीची कोठी. स्थिती: वापरात.'